पाताळयात्रेचं श्रेय

स्कँडिनेव्हियातल्या एका गावात थोरल्याचं श्रवणयंत्रांचं दुकान होतं. ज्या माणसाने विशीत शे-दोनशे लोकांच्या कानांची वाट लावली, त्यानेच पुढे कानांचा धंदा काढावा, याला त्याची बायको पापक्षालन म्हणत असे. धाकट्या भावाचं म्हणणं होतं की दादाने गिऱ्हाइकं आधी तयार केली आणि दुकान मागाहून उघडलं. हे तो थोरल्याच्या तोंडावर म्हणत नसे. तोंडावर काही म्हणायचं चाळीस वर्षांपूर्वीच बंद झालं होतं. तो आईला म्हणायचा, आई थोरल्याला सांगायची, आणि थोरला आईला सांगायचा की त्याला म्हणावं, ज्याच्याकडे शिकलेली माणसं चौथ्या परीक्षेलाही खांबावर गाडी घालतात त्याने दुसऱ्याच्या धंद्यावर बोलू नये. धाकट्याची ड्रायव्हिंग स्कूल होती.

अलीकडे आईला ऐकू कमी येऊ लागलं आणि हा पत्रव्यवहार मंदावला. थोरल्याने तिला दुकानातलं सगळ्यात भारी यंत्र नेऊन दिलं होतं. ते तीन वर्षं तिच्या टेबलाच्या खणात सुईदोऱ्याशेजारी पडून होतं. "मला जेवढं ऐकायचं तेवढं ऐकून झालंय," असं तिचं म्हणणं. दिव्याखाली अंधार तो असा.

दर रविवारी दोघेही आईकडे जात. थोरला अकरा ते एक, धाकटा दोन ते चार. मधला तास आईचा भांडी घासण्याचा आणि जिना मोकळा राहण्याचा. ही वेळापत्रकं कुणी ठरवली नव्हती. पण इतकी काटेकोर पाळली जात होती की खालचा कॉफीवाला त्यावर घड्याळ लावत असे.

या सगळ्याच्या मुळाशी एक रेकॉर्ड होती.

चौऱ्याऐंशी साली दोघा भावांनी आणि त्यांच्या एका दोस्ताने मिळून 'लोखंडी शिंग' नावाचा हेवी मेटल बँड काढला होता. थोरला ड्रम्स वाजवायचा, धाकटा गिटार, आणि दोस्त गायचा. दोस्ताच्या गळ्यात एक बास गिटारही असे, पण ती मुख्यतः गळ्यातच असे. पुढे हा गायक देवाच्या घरी गेला. म्हणजे मेला नाही, धर्मोपदेशक झाला, आणि पूर्वायुष्याचा विषय निघाला की कानांवर हात ठेवू लागला. या तिघांनी 'हाडांचा हिवाळा' नावाची सहा गाण्यांची एकच रेकॉर्ड काढली. मुखपृष्ठावर तिघे पुठ्ठ्याची शिंगं लावून उभे होते. अंगातली चामड्याची जाकिटं बसच्या फाटक्या सीटच्या रेक्झिनची होती. पाचशे प्रती काढल्या, साठ खपल्या. त्यातल्या वीस गायकाच्या नातेवाइकांनी घेतल्या आणि पुढे त्याच्याशी संबंध तोडले. उरलेल्या आईच्या माळ्यावर गेल्या. आईला वस्तू वाया गेलेली खपत नसे, म्हणून गॅलरीतल्या प्रत्येक कुंडीखाली हाडांचा हिवाळा होता.

रेकॉर्ड पडली ती ड्रम्समुळे, यावर दोघा भावांचं एकमत होतं. पहिल्या गाण्यात ड्रम्स ठीक ऐकू येत. दुसऱ्यात ते शेजारच्या खोलीत गेल्यासारखे वाटत. तिसऱ्यात तळघरात. असं करत करत सहाव्या गाण्यापर्यंत ते पार जमिनीच्या पोटात गेले होते, आणि वर धाकट्याची गिटार एकटीच किंचाळत होती. परीक्षण एकच आलं, तेही चार ओळींचं. त्यात लिहिलं होतं की हा ड्रमर लाजाळू असून गाण्यागणिक अधिकाधिक लाजत जातो.

लाजाळू म्हटल्यावर थोरल्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तो म्हणाला, माइक धाकट्याने लावला होता, गाढवाने भिंतीकडे तोंड करून लावला असणार. धाकटा म्हणाला, माइक बरोबर होता, दादाच्या हातातला जोर पहिल्या गाण्यातच संपला. थोरला म्हणाला, तुला साधा माइक लावता येत नाही. धाकटा म्हणाला, तुला साधा ढोल बडवता येत नाही. त्यानंतर चाळीस वर्षं एक खापर दोन डोक्यांच्या मध्ये अधांतरी लटकत राहिलं.

आणि मग, ज्याला आपण जग म्हणतो त्याचं डोकं फिरलं.

कुठल्या तरी लांबच्या देशात कुणाला तरी जुन्या बाजारात ती रेकॉर्ड सापडली. दर्दी मंडळी तिला 'स्कँडिनेव्हियन हेवी मेटलचं गाडलेलं धन' म्हणू लागली. तिचे चाहते निपजले, चाहत्यांचे पंथ झाले, आणि पंथांची भांडणं लागली. दर गाण्याला एक थर खाली जाणाऱ्या त्या ड्रम्सना त्यांनी 'पाताळयात्रा' असं नाव दिलं. कुणी म्हणे, रेकॉर्डिंग गोठलेल्या तळ्याखाली झालं. एका प्राध्यापकाने शंभर पानं लिहून सिद्ध केलं की ड्रमरला दर गाण्यानंतर दोराने कोरड्या विहिरीत आणखी खाली सोडत असत. थोरल्याने हे इंटरनेटवर दुकानात बसून वाचलं आणि समोरच्या आजोबांच्या डाव्या कानाचं यंत्र उजव्या कानात बसवलं.

एका बुधवारी दुकानात एक दाढीवाला आला. दाढी छातीपर्यंत, बोटाबोटांत कवट्यांच्या अंगठ्या, आणि आवाज मात्र अंगाई म्हणणाऱ्या मावशीचा. त्याने फक्त कोमट पाणी मागितलं. तो रेकॉर्ड कंपनी चालवत होता. कंपनीत तो आणि त्याची बहीण. 'हाडांचा हिवाळा' नव्याने काढायची होती, सोबत चाळीस पानी पुस्तिका. त्याने बाही वर केली. हातावर एकाखाली एक सहा आडव्या रेघा गोंदवलेल्या होत्या.

"सहा गाणी, सहा थर," तो म्हणाला. "मी अठरा वर्षांचा होतो तेव्हा. वडील नुकतेच गेले होते. तुमच्या सहाव्या गाण्याने मला सांभाळलं."

"पहिलं नाही आवडलं?" थोरल्याने विचारलं.

"पहिलं जरा कच्चं आहे," दाढीवाला हळुवारपणे म्हणाला. "ड्रम्स फार स्पष्ट ऐकू येतात."

मग त्याने एक कागद पुढे केला. मुखपृष्ठाच्या मागच्या बाजूचा मजकूर होता. नावं होती, वाद्यं होती, आणि खाली एक ओळ मोकळी होती. 'ध्वनिसंकल्पना', दोन टिंबं, आणि पुढे काही नाही.

"पाताळयात्रा कुणाची कल्पना, एवढंच हवंय. सोमवारी छपाईला जातंय."

आता इथे थोरल्याची बाजू समजून घ्यायला हवी. एकसष्ट वर्षांच्या आयुष्यात त्याचं नाव दुकानाच्या पाटीखेरीज कुठे लागलं नव्हतं, आणि पाटीवरचंही एक अक्षर पडलं होतं. चाळीस वर्षं तो लाजाळू ड्रमर म्हणून जगला होता. समोर एक माणूस बसला होता ज्याने त्याचं ढोल बडवणं कातडीवर गोंदवून घेतलं होतं. त्याला आयुष्यात एकदाच, एकाच ओळीत, आपलं नाव हवं होतं.

"ती," थोरला घसा साफ करून म्हणाला, "तशी माझीच कल्पना."

दाढीवाल्याने डोळे मिटून घेतले. मग उघडले. "अडचण अशी आहे," तो म्हणाला, "की काल तुमचे भाऊही हेच म्हणाले."

"काय म्हणाला तो?"

"की माइक त्यांनी मुद्दाम तसा लावला होता."

"मुद्दाम!" थोरला ताडकन उठला. "चाळीस वर्षं म्हणतोय माइक बरोबर होता, माइक बरोबर होता, आणि आता मुद्दाम?"

"तुम्ही काय केलं होतं?"

"मी मुद्दाम हळू वाजवत गेलो," थोरला म्हणाला, आणि हे वाक्य आपणच बोललो यावर त्याचा क्षणभर विश्वास बसला नाही.

रात्री जेवताना त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अहो, पण चूक त्याची होती ना?"

"होती. पण आता ती चूक राहिली नाही."

"मग आता तुमची झाली?"

"कल्पना झाली."

"बरं आहे बाई," बायको म्हणाली. "खापर होतं तोवर फोडायला डोकं मिळत नव्हतं. त्याचा मुकुट झाल्यावर दोन-दोन डोकी."

रविवारी बरोबर दीड वाजता, म्हणजे भांडी घासायच्या वेळेला, दोघे भाऊ आईच्या जिन्यात समोरासमोर आले. दाढीवाल्यानेच सुचवलं होतं की जिथे रेकॉर्डिंग झालं तिथेच भेटू. त्या जागी आता कॉफीचं दुकान होतं; तेव्हा आईची लाँड्री होती. फरशीच्या भिंती, म्हणून आवाज घुमतो, म्हणून दोघांनी ती निवडली होती. शिवाय रविवारी मशिनं बंद असत आणि भाडं लागत नसे. आई तेव्हाही वरच्या मजल्यावर राहायची, आताही तिथेच राहत होती, म्हणून भेट तिच्याकडेच ठरली.

"आलास?" थोरला म्हणाला. चाळीस वर्षांतला हा पहिला थेट शब्द.

"मी दोनला येतोच," धाकटा म्हणाला. "तू एकला गेला नाहीस का?"

चौऱ्याऐंशी वर्षांच्या आईने दोघांना एकदम दारात पाहिलं आणि ती घाबरून खाली बसली. "कोण गेलं?" तिने विचारलं.

"कुणी गेलं नाही, आई!" दोघे एकाच वेळी ओरडले. तिला ते ऐकू आलं नाही, पण दोघांची तोंडं एकदम हललेली पाहून ती आणखीच घाबरली.

मागोमाग आलेल्या दाढीवाल्याने तिला वाकून नमस्कार केला, गॅलरीतल्या कुंडीखाली पाहिलं, आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. त्याने हलकेच कुंडी उचलून रेकॉर्ड काढली, बाहीने पुसली आणि मांडीवर घेऊन बसला. सोबत आणलेला छोटा रेकॉर्ड प्लेयर त्याने टेबलावर मांडला. वाद रंगेपर्यंत मागे काहीतरी चालू असावं म्हणून त्याने सुई टेकवली.

वाद रंगायला वेळ लागला नाही.

"माइक मी लावला. मग कल्पना कुणाची?" धाकटा म्हणाला.

"लावला कसला, टाकला होतास. ढोलावर पडत होती ती काठी माझी होती, जोर माझा होता."

"जोर? अरे दादा, तूच म्हणायचास, मी जीव खाऊन वाजवलं आणि या गाढवाने माती केली. गावभर सांगत होतास, शंभरदा कानावर आलंय माझ्या."

"आणि तू म्हणायचास मला ढोल येत नाही. आता न येणाऱ्या ढोलाची कल्पना तुझी?"

"माइकची माझी!"

"म्हणजे तेव्हा तू मुद्दाम माझी वाट लावलीस?"

यावर धाकटा अडकला. हो म्हणावं तर भावाचा वैरी, नाही म्हणावं तर नाव जातं. त्याने दोन्ही हात हवेत स्टिअरिंग धरल्यासारखे धरले आणि तसाच थांबला.

आई एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहत होती. मग तिने टेबलावर तळवा टेकवला. प्लेयरच्या ठोक्यांनी टेबल हलत होतं. तिने खण उघडला, सुईदोरा बाजूला केला आणि यंत्राची डबी थोरल्यापुढे ठेवली.

"घाल," ती म्हणाली. "काय चाललंय ते एकदा ऐकू दे."

तीन वर्षं ज्याची वाट पाहिली ते आता होत होतं, पण थोरल्याचं लक्ष निम्मं धाकट्याकडे होतं. तरी हात सवयीने चालले. त्याने यंत्रात सेल घातला, आईच्या कानामागचे पांढरे केस सारले, यंत्र बसवलं, आवाज जुळवला. आई दचकली, मग सावरली. पहिलं गाणं ऐकून तिने कपाळाला हात लावला. "अगंबाई, हे ते! हाच तो गोंगाट!" पुढची तिने न बोलता ऐकली. दाढीवाल्याने रेकॉर्ड उलटवली. सहावं लागलं तशी तिची मान हळूहळू डोलू लागली.

"हं," ती म्हणाली. "याला बऱ्यापैकी कमी झाला होता."

"काय कमी झाला होता?" दाढीवाल्याने विचारलं.

"आवाज हो. चार चादरी आणि एक टेबलक्लॉथ लागला, पण झाला."

दोघा भावांनी एकदम आईकडे पाहिलं.

"त्या रविवारी स्टेशनसमोरच्या हॉटेलच्या चादरी येऊन पडल्या होत्या," आई म्हणाली. "डाग वेगळे करायला मी खाली आले, तर हे राक्षस बडवत बसलेले. हा डोळे मिटून, आणि हा भिंतीकडे तोंड करून."

"भिंतीकडे आवाज चांगला—" धाकटा म्हणू लागला.

"गप. याच्या ढोलापुढे एक दांडा उभा, त्याला वायर. म्हटलं, हेच ते. सभेत नगरसेवक बोलतो तेव्हा तो दांडा पुढे ओढला की आवाज मोठा होतो की नाही? मग झाकला की कमी होणार. एक गाणं झालं की तुम्ही सगळे मागच्या दाराने सिगरेटी ओढायला जायचा. मला कळत नव्हतं असं समजू नका. तेवढ्यात मी एक चादर टाकायचे. तरी कमी होईना. मग दुसऱ्या वेळी दुसरी."

"पण आम्हाला दिसल्या कशा नाहीत?" थोरला म्हणाला.

"लाँड्रीत चादर कुणाला दिसते रे? ढीगच ढीग होते. संध्याकाळी तुम्ही आवरायच्या आत मी उचलून मशीनमध्ये टाकल्या."

"आणि ऐकूही आलं नाही कुणाला?" दाढीवाला कसंबसं म्हणाला.

"ऐकायला हेडफोन एकच होता," धाकटा म्हणाला, "तो गायकाच्या कानावर होता. तो स्वतःशिवाय कुणाचं ऐकत नसे."

दाढीवाल्याने बाही वर करून स्वतःच्या हाताकडे पाहिलं. आईने चष्मा पुढे ओढून तो हात धरला आणि रेघा मोजल्या.

"सहा नाही, पाच," ती म्हणाली. "पहिल्या गाण्याला मी काही टाकलंच नव्हतं. आणि ही शेवटची चादर नाही. हाताला लागला तो टेबलक्लॉथ होता. रश्शाचे डाग होते त्याच्यावर."

थोरला खुर्चीत बसला. पहिल्या गाण्यावर काही नव्हतं. म्हणजे त्याचं वाजवणं जसंच्या तसं जे एक गाणं होतं ते कच्चं, आणि रश्शाच्या डागांखाली जे गेलं त्याने कुणाला तरी बाप गेल्यावर सांभाळलं. त्याने धाकट्याकडे पाहिलं. धाकटा त्याच्याकडेच पाहत होता.

"माइक बरोबर होता रे," थोरला म्हणाला.

"जोरही होता," धाकटा म्हणाला. "सहाव्याला टेबलक्लॉथखालनंसुद्धा ऐकू येतोय म्हणजे काय."

"मग चाळीस वर्षं तुमचं कशावरून फाटलं होतं?" आईने विचारलं.

"याच्यावरूनच."

"मला वाटलं दोघांत मिळून घेतलेल्या त्या लाल स्कूटरवरून. मेल्यांनो, एकदा विचारायचं तरी मला!"

दाढीवाल्याने कागद काढला. "हे बघा," तो अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "मी काही ऐकलं नाही. चादर नाही, टेबलक्लॉथ नाही. तुम्हा दोघांपैकी एक नाव सांगा. मी ते छापतो."

दीड वाजल्यापासून याच एका ओळीसाठी घर डोक्यावर घेतलं होतं. आता ती सहज मिळत होती.

"दादाचं लिहा," धाकटा म्हणाला. "मी भिंतीकडे तोंड करून होतो."

थोरल्याने ती मोकळी जागा पाहिली. त्याचं नाव तिथे नेमकं मावलं असतं. बुधवारपासून त्याने ते मनातल्या मनात अनेकदा लिहून पाहिलं होतं. सहाव्या गाण्याचे शेवटचे ठोके कुठून तरी खालून येत होते.

"आईचं लिहा," तो म्हणाला.

"हेवी मेटलमध्ये आई नसते हो," दाढीवाला काकुळतीला आला.

"याच्यात आहे. नाहीतर करारावर सही नाही."

"माझीपण नाही," धाकटा म्हणाला.

"माझं नाव कुठेही घालायचं नाही!" आई कडाडली. यंत्रामुळे तिला आता सगळं ऐकू येत होतं आणि त्याचे परिणाम दिसू लागले होते. "हॉटेलच्या चादरी मी दांड्यावर टाकायचे असं जगाला कळू देऊ? तीस वर्षं लाँड्री चालवली, एक तक्रार नाही!"

सोमवारी दाढीवाल्याने दोनदा फोन केला. शेवटी थोरला आणि धाकटा यांनी मिळून एक शब्द ठरवला, आईने तो दोनदा वाचून मंजूर केला, आणि रेकॉर्ड छापून आली. 'ध्वनिसंकल्पना: घरगुती'. वर्षभरात त्या प्राध्यापकाने 'घरगुती' या शब्दावर आणखी साठ पानं लिहिली. त्यात म्हटलं होतं की उत्तरेकडच्या प्राचीन समजुतीप्रमाणे पाताळ हेच माणसाचं मूळ घर होय. दाढीवाल्याने ते पत्रासोबत पाठवून दिलं. हाताबद्दल त्याने काही लिहिलं नव्हतं.

हल्ली दोघे भाऊ रविवारी बारालाच येतात. एकत्र जेवतात. कॉफीवाल्याचं घड्याळ तेव्हापासून चुकतं. जेवताना एखाद्या वेळी विषय पहिल्या गाण्यावर जातो. ते इतकंही कच्चं नाही, असं थोरल्याचं मत आहे. धाकट्याचं मत आहे की तिथे खरं तर दादा एक ठोका मागे आहे. थोरला म्हणतो की मागे नाही, गिटार पुढे पळतेय. मग आवाज चढतो.

तेव्हा आई ताट सरकवते, कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवते, त्याच्यावर हात पुसायचं फडकं टाकते, आणि दोघांकडे समाधानाने बघत बसते. एका फडक्यात आवाज पार बंद होतो.